वार कुणाची, बाळ कुणाचं?

6 ऑगस्ट 1986 ला परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. (कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी हे 1978 मध्येच केलं होतं. त्यांची हेटाळणी झाली आणि 1981 मध्ये त्यांनी जीव दिला.) महाड-पोलादपूरच्या माणसाला परळ नवं नाही, मोठं दुखणं आलं की आपण तिथेच जातो. पण काचेच्या बशीत वाढणारा तो गर्भ काही मोजक्या, एकसारख्या दिसणाऱ्या पेशींचा असतो. त्यातली कोणती वार होणार आणि कोणती बाळ, हे कोण ठरवतं?

तकदीर अंड्यातच लिहिलेली असेल का? 1959 मध्ये तारकोव्स्की यांनी उंदराच्या दोन पेशींच्या गर्भातली एक मारली. उरलेल्या एकीपासूनही अख्खं पिल्लू जन्मू शकलं. 1967 मध्ये सहकारी व्रुब्लेव्स्का यांच्यासोबत त्यांनी मांडलं की जागा ठरवते: बाहेर राहिली ती वारेकडे, आत सापडली ती बाळाकडे. 1981 मध्ये जॉन्सन आणि झिओमेक यांनी त्यात भर घातली. आठ पेशी झाल्या की प्रत्येकीला बाहेरची आणि आतली अशा दोन बाजू येतात. पेशी आडवी दुभंगली तर बाहेरची बाजू एकीलाच मिळते, दुसरी आत जाते.

या आतल्या पेशींची किंमत पुढे जगाला कळली. 2001 मध्ये अमेरिकेने सरकारी पैशातून संशोधनाला मान्य केलेल्या मूळ पेशींच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात संच होते. त्या पेशी काढताना गर्भ संपतो, म्हणून वाद पेटला.

आपल्या गावांत हा इतिहास वेगळ्या वाटेने पोचतो. चाचणी होकारार्थी येते, सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसते, आणि घरचे सुनेला विचारतात, काय खाल्लंस, काय उचललंस? चाचणी खोटी नसते. तिच्यात दिसणारं संप्रेरक बाहेरच्या पेशींच्या वंशजांकडून येतं. त्यांनी आपलं काम केलेलं असतं, आतल्यांची वाढ मात्र फार लवकर थांबलेली असते, बऱ्याचदा गुणसूत्रांतल्या दोषामुळे. पाण्याचा हंडा आणि पपईचा तिथे संबंध नसतो.