नाकावरचा भरवसा

गेल्या श्रावणात पाइप गॅसचा मुलगा तपासणीला आला, तेव्हा मी त्याला दारातूनच वाटेला लावणार होतो. म्हटलं, "आमच्याकडे काही वास नाही बाबा." तो म्हणाला, "काका, दोनच मिनिटं." त्याने कॉकच्या जोडाला साबणाचा फेस लावला आणि बारीक बुडबुडे फुटू लागले. शेजारच्या वहिनींना बोलावलं. त्या स्वयंपाकघरात येताच म्हणाल्या, "भाऊ, वास येतोय की!" मला आणि हिला मात्र काहीच नाही. सत्तरीनंतर नाकही सेवानिवृत्त होतं.

गंमत अशी, की हा वास गॅसचा स्वतःचा नसतो. तो मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामागचा इतिहास दुःखद आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे गाव आहे. तेलाच्या उत्पन्नामुळे तिथली शाळा चांगली सधन होती. तरीही बिल वाचावे म्हणून शाळेने तेलविहिरींवरून वाया जाणाऱ्या गॅसच्या लाइनला जोड घेतला. काटकसरीला मी नावे ठेवणार नाही, उभा जन्म बँकेत काढला. पण हा हिशेब फार महागात पडला. त्या गॅसला वासच नव्हता. गळती होऊन तो जमिनीखालच्या पोकळीत साठत गेला. १८ मार्च १९३७ रोजी शाळा सुटायच्या सुमारास एका शिक्षकाने कार्यशाळेतले विजेचे यंत्र चालू केले. एक ठिणगी, आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक गेले. त्याच वर्षी टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळण्याची सक्ती केली. पुढे ती पद्धत जगभर रूढ झाली.

आपल्याकडे आधी सिलिंडर होते, पाइप नंतर आला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत बसतो. पाइपचा हलका, छताकडे जातो. म्हणून वरची झडप बंद करून ठेवू नये. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता कॉक बंद करावा, खिडक्या उघडाव्यात.

त्या मुलाने जोड दुरुस्त केला. शेगडीच्या रबरी नळीवरची तारीख दाखवली. तिची पाच वर्षे कधीच उलटली होती. तीही बदलली. आता पेन्शन जमा झाली, की मी वाटीत साबणपाणी घेऊन ओट्याशी उभा राहतो. ही विचारते, "झाली का पासबुकात एंट्री?"