बाळोती कोण धूत असे? कृष्णाकाठच्या एका अलिखित कामाचा इतिहास

वस्त्रांचा इतिहास म्हटला की पैठणी, शेला, जरीपटका हीच नावे पुढे येतात. आजचा धागा मात्र अशा वस्त्राविषयी आहे, ज्याची नोंद दफ्तरात नाही आणि ज्याचा नमुना संग्रहालयातही सहसा सापडत नाही. तान्ह्या मुलाची बाळोती आणि लंगोट. दिवसाला दहा-बारा लंगोट धरले, तरी एका मुलामागे वर्षात साडेतीन हजारांहून अधिक वेळा धुणे होते. घरोघरी पिढ्यानुपिढ्या चाललेले हे काम कोणी केले, कोणत्या पाण्याने केले, एवढाच प्रश्न आज घेऊ. प्रदेश सातारा आणि सांगली. (1885 च्या सातारा गॅझेटियरमध्ये तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके साताऱ्यातच मोडतात. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळाले. म्हणून जुन्या काळाविषयी बोलताना या दोहोंना एकत्र धरणे सोयीचे.)

आधी कापड. बाळोते कधी विकत आणले जात नसे. आजीचे विरलेले नऊवारी लुगडे, आजोबांचे जुने धोतर फाडून त्याचे चौकोन होत. पाचवी किंवा बारसे होईपर्यंत मुलाला नवे वस्त्र घालू नये, हा संकेत आजही पुष्कळ घरांत पाळला जातो. त्यामागे दृष्ट वगैरे समजुती असतील. पण कोऱ्या सुती कापडावर नैसर्गिक मेणाचा अंश आणि खळ असते, त्यामुळे ते पाणी लवकर शोषत नाही. शंभर वेळा धुतलेले लुगडे मऊही असते आणि शोषतेही. लेकुरवाळ्या घरातून पहिले बाळोते मागून आणण्याची पद्धतही याच व्यवहाराशी जुळणारी. मूल मोठे झाले की धुवून गाठोडे बांधायचे, पुढच्या बाळंतपणाला सोडायचे. अगदी जीर्ण झाले की त्याचे पोतेरे, आणि शेवटी चुलीवरचे भांडे उतरवायचे फडके. संग्रहालयापर्यंत पोहोचायला मागे काही उरतच नसे.

या वस्त्राविषयी शास्त्रग्रंथ गप्प नाहीत, ही गोष्ट मला स्वतःला अनपेक्षित होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालकाच्या अंथरुणा-पांघरुणाविषयी स्पष्ट सूचना आहे: ते मऊ, हलके, स्वच्छ असावे, घाम, मळ, जंतू आणि मलमूत्र लागलेले टाकून द्यावे, दुसरे उपलब्ध नसेल तर तेच उत्तम धुवून, धुरी देऊन, कोरडे करून पुन्हा वापरावे. गरिबाची सोय ग्रंथकाराने लक्षात ठेवली आहे. पुढे धुरीची द्रव्येही दिली आहेत आणि त्यांत मोहरी, हिंग, गुग्गुळ, वचा ही नावे येतात. वचा म्हणजे आपले वेखंड. काश्यपसंहितेत तर धूपाविषयी स्वतंत्र प्रकरणच आहे. आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीतील वेखंड, ओवा, वावडिंग यांची धुरी पाहिली की ही परंपरा पोथीतच अडकून पडली नव्हती, हे कळते. अर्थात, चरकाने 'धुवून' हा शब्द वापरला. धुणारी व्यक्ती कोण, हे त्याला सांगावेसे वाटले नाही.

आता पाणी. सातारा-सांगलीचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहा. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे 6000 मिलिमीटर पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या पट्ट्यात 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि अनेक वर्षी त्याहूनही कमी. जावळी-पाटणच्या बाजूला आषाढात बाळंतीण घरी असली, तर पाण्याला तोटा नाही, पण ऊन दिसत नाही. तिथे शेगडीतल्या निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून तिच्यावर बाळोती वाळवायची. चुलीवरच्या आढ्याला टांगलेल्या काठीवरही ती पसरायची. चरकाची धुरी इथे आपोआपच मिळे, आणि धुराचा वास हाच त्या ऋतूतल्या तान्ह्या मुलाचा वास असे. कोळसा जास्त पेटला की कापड करपे. म्हणून शेगडीपाशी कोणीतरी बसून राहावे लागे, बहुधा घरातली थोरली मुलगी.

पूर्वेकडे नेमके उलटे. ऊन भरपूर, पाणी नाही. शेवटच्या खंगाळण्याचे पाणी पुढच्या धुण्याच्या पहिल्या बुचकळीला वापरायचे. तेही गढूळ झाले की शेणात किंवा झाडाला. कडक उन्हामुळे मात्र कापड झटकन वाळे आणि निर्जंतुक होण्यास मदत होई. 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर ज्या बाया तान्ही मुले झाडाच्या झोळीत घालून गेल्या, त्यांच्या कामाच्या इतिहासात मजुरीचे दर सापडतात. बाळोत्यांना पाणी कुठून आले, हे सापडत नाही. कोरड्या मातीत चोळून, झटकून, उन्हात टाकलेले कापड पुन्हा वापरणे हा हलगर्जीपणा नव्हता. एक हंडा पाणी पिण्याला द्यायचे की बाळोत्याला, याचा तो हिशेब होता.

साबण घरोघरी पोहोचण्यापूर्वी राख, रिठा आणि धुण्याचा सोडा यांवर काम चाले. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. राखेचे निवळलेले पाणी अल्कधर्मी होते आणि मळातला स्निग्धांश सुटतो. रिठ्यात फेस आणणारे सॅपोनिन. तोटा एकच: क्षार नीट खंगाळून निघाला नाही तर मुलाची कातडी सोलवटते. 1921 मध्ये अमेरिकेतील कुक या डॉक्टरने लंगोटाच्या पुरळाचा संबंध मूत्रातून अमोनिया तयार करणाऱ्या जिवाणूंशी जोडला. पुढच्या संशोधनाने अमोनियापेक्षा विष्ठेतील विकरांवर अधिक बोट ठेवले. अल्कधर्मी वातावरणात ती जास्त बोचतात. 'तीन पाण्यांतून काढ' हा सासूबाईंचा हुकूम या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण 1888 मध्ये कलकत्त्याला उतरला, सर्फ 1959 मध्ये आला, निरमा 1969 मध्ये. निरमाने धुण्याचा खर्च खाली आणला. धुणारे हात मात्र तेच राहिले.

साठवणीविषयी एकच गोष्ट सांगतो. गाठोड्यात कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचा तुकडा घालणे जुने. पत्र्याच्या ट्रंका आल्या तशा डांबरगोळ्या आल्या. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. 1963 मध्ये ग्रीसमधील डॉक्टरांनी 21 नवजात बालकांची नोंद प्रसिद्ध केली. डांबरगोळ्यांच्या वाफेमुळे त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटल्या होत्या. विशिष्ट विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांना हा धोका अधिक असतो. जुनी बाळोती ट्रंकेतून काढून थेट वापरू नयेत, धुवून उन्हात टाकावीत, एवढे या धाग्यातून घेतले तरी चालेल.

आणि आता मूळ प्रश्न. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गांव-गाडा'त (1915) बलुतेदारांमध्ये परीट आहे. खळ्यावर धान्याचा वाटा आणि लग्नात पायघड्या अंथरण्याचा मान. पण तान्ह्याचे रोजचे धुणे परिटाची वाट पाहत थांबू शकत नाही. ते घरातल्या बायकांच्याच वाट्याला आले. त्यात सोयराचे दहा-बारा दिवस बाळंतिणीचे आणि मुलाचे कपडे वेगळे ठेवायचे, पिण्याच्या पाणवठ्याच्या खालच्या अंगाला धुवायचे, दिवेलागणीपूर्वी दोरीवरून काढायचे.

शिवाय परीट सर्वांचा नव्हता. याचा साताऱ्यातील सर्वांत स्पष्ट पुरावा बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवला आहे. त्यांचे सुरुवातीचे शालेय शिक्षण साताऱ्यात झाले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात ते सांगतात, की घरचे कपडे त्यांच्या बहिणी धूत. गावात परीट होते, पैसे देण्याची ऐपतही होती. पण अस्पृश्यांचे कपडे धुवायला कोणी तयार नव्हते. त्यांचे केसदेखील थोरली बहीणच कापत असे. ही नोंद बाळोत्यांविषयी नाही, सगळ्या कपड्यांविषयी आहे. पण ज्या घराचा धुतला जाणारा सदराही कोणी हातात घेत नव्हते, त्या घरातल्या तान्ह्याच्या लंगोटाचे काय होत असेल, हे सांगायला वेगळा कागद लागत नाही. जिथे सार्वजनिक पाणवठाही बंद होता, तिथे त्या धुण्याला पाणी आणायलाही आणखी दूर जावे लागे. आणि हे काम करणाऱ्या स्वतःच मुली होत्या.

1990 च्या दशकात फेकून देण्याचे डायपर आपल्या बाजारात स्थिरावले आणि दोरीवरचे चौकोन कमी झाले. 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेला डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितले होते. तसा तो दिला जात नाही तेव्हा घंटागाडीतल्या ओल्या कचऱ्यातून तो हाताने वेगळा काढावा लागतो.