युरोपात आठवडा : कोणते गाव निवडावे?

वसंत ऋतूत आठ दिवसांसाठी युरोपात जावयाचे ठरले, तर नेमके कोठे जावे, हा प्रश्न आज भंडारा जिल्ह्यातही विचारला जातो. मुलांच्या परीक्षा आटोपल्या आहेत, पळसाचा बहर ओसरला आहे, वैनगंगेचे पात्र रेतीवर उघडे पडू लागले आहे. अशा वेळी कोणी निवृत्त शिक्षक, कोणी व्यापारी, कोणी परदेशी नोकरी करणाऱ्या मुलाचे आईबाप प्रवासी कंपन्यांची पत्रके पुढे घेऊन बसतात. पत्रकात लिहिलेले असते : सात दिवस, पाच देश. वरवर पाहता सौदा स्वस्त वाटतो. परंतु प्रश्न पैशांचा आहे तितकाच दृष्टीचाही आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना आपल्या इतिहासाकडे एकवार पाहणे उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

आमच्या जिल्ह्याचा युरोपाशी संबंध तसा नवा नाही. मात्र तो प्रथम मालाचा होता, माणसांचा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तुमसरकडील चिखला, डोंगरी बुजुर्ग या भागातील मँगनीजचे दगड आगगाडीने बंदरावर आणि तेथून समुद्रापार पोलादाच्या कारखान्यांकडे जाऊ लागले. दगड गेले, ते फोडणारा मजूर येथेच राहिला. आज त्याच्या पणतूला युरोपात सहलीला जाता येते, ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच ही संधी कशी वापरावी याचा विचार गंभीरपणे केला पाहिजे.

युरोपात गेलेल्या पहिल्या मराठी माणसांना गाव निवडण्याचे स्वातंत्र्य फारसे नव्हते. काम जेथे, तेथे जाणे भाग होते. रघुनाथरावांनी इंग्रजांची मदत मिळविण्यासाठी हणमंतराव नावाचे वकील पाठविले. ते १७८१ साली इंग्लंडात होते. सोबत मणियार नावाचे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा होता. परक्या मुलखात स्वयंपाकाची आणि सोवळ्याची पंचाईत झाली, तेव्हा प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेतले काचगृह त्यांना राहण्यास दिले. स्वदेशी परतल्यावर हणमंतरावांना प्रायश्चित्त घ्यावे लागले ते वेगळेच.

पुढे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज १८३९ साली पदच्युत झाले आणि त्यांची फिर्याद घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले. सुमारे चौदा वर्षे त्यांनी कंपनीच्या आणि पार्लमेंटच्या दारी खेटे घातले. त्यांना लंडनच का हवे होते? न्याय मागावयाचा होता आणि न्यायाची किल्ली तेथे होती, म्हणून. न्याय मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी. १८८३ साली पंडिता रमाबाई वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. १९१० च्या ८ जुलैला सावरकरांनी मार्सेय बंदरात जहाजातून उडी घेतली, ती फ्रान्सची भूमी स्वातंत्र्याचा आसरा देईल या आशेने. तो दावा हेगच्या न्यायासनापुढे गेला आणि १९११ च्या फेब्रुवारीत निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. या माणसांच्या दृष्टीने युरोपातील प्रत्येक गावाला एकेक प्रयोजन होते.

या मालिकेतील एक वाट तर आमच्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोचते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली दुसऱ्यांदा लंडनला गेले आणि १९२३ साली तेथील विद्यापीठाचे डॉक्टर ऑफ सायन्स झाले. किंग हेन्रीज रोडवरील ज्या दहा क्रमांकाच्या घरात ते त्या काळात राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले व आज तेथे त्यांचे स्मारक आहे. हेच बाबासाहेब १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले होते. भंडाऱ्याने त्या वेळी त्यांना निवडून दिले नाही. ही आठवण उरात घेऊन जिल्ह्यातील कोणी लंडनला जाणार असेल, तर त्याने सारा आठवडा लंडनलाच द्यावा. त्याला आम्ही दुसरे गाव सुचविणार नाही.

मात्र ज्याच्यापुढे असे ठरलेले प्रयोजन नाही, केवळ युरोप पाहावा अशी इच्छा आहे, त्याला आम्ही इटलीतील फ्लॉरेन्सचे नाव सुचवू. त्याचे पहिले कारण एका मराठी राजपुत्राच्या कहाणीत आहे.

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेच्या प्रवासाला निघाले तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. त्यांनी इंग्लंड पाहिले, राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, आणि जे पाहिले ते रोजनिशीत इंग्रजीत लिहून ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर ती रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादून १८७२ साली प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर महाराज इटलीत आले, त्या वेळी फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध चालू होते आणि पॅरिसला वेढा पडलेला होता. फ्लॉरेन्स मुक्कामी महाराजांची प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. रोम नुकतेच, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, इटलीच्या ताब्यात आले होते.

आता प्रश्न उभा राहिला दहनाचा. त्या शहराला प्रेते पुरण्याची रीत ठाऊक होती, जाळण्याची नव्हती. सोबतच्या मंडळींनी धर्माप्रमाणे अग्निसंस्काराचा आग्रह धरला, अधिकाऱ्यांनी विशेष परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. परक्या मुलखातही आपल्या माणसांनी संगम शोधला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा. पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्यांनीच केला. छत्रीखालील अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविला. ती छत्री आजही काशिने नावाच्या उद्यानाच्या पश्चिम टोकाला उभी आहे. तिच्या जवळ १९७८ साली आर्नोवर पूल झाला, त्याचेही नाव फ्लॉरेन्सच्या लोकांनी 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाचेच ठेवले. पूल त्यांचा, नदी त्यांची, पण नाव पडले ते एका मराठी तरुणावरून.

दुसरे कारण कारागिरीचे. भंडाऱ्याची पितळेची भांडी प्रसिद्ध. ओतकाम म्हणजे काय हे येथे कोणास शिकवावे लागत नाही. अशा माणसाने गिबेर्ती याचे काशाचे दरवाजे अवश्य पाहावे. १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे एका जोडीवर खर्च झाली. मूळ दरवाजे आता कॅथीड्रलच्या संग्रहालयात आहेत. जागेवर प्रतिकृती आहेत. मोहाडी-आंधळगावच्या कोसा विणणाऱ्यांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की, फ्लॉरेन्समधील रेशीमवाल्यांच्या संघाने आपल्या पैशातून टाकलेल्या मुलांसाठी अनाथालय बांधविले. त्याचे काम १४१९ साली ब्रुनेलेस्की याच्या हातून सुरू झाले. कॅथीड्रलचा प्रचंड घुमटही त्याचाच, १४२० ते १४३६ मधला. कारागिरांच्या पैशाने आणि कारागिरांच्या हाताने शहर कसे मोठे होते, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते.

तिसरे कारण नदीचे. १९६६ च्या ४ नोव्हेंबरला आर्नोला महापूर आला, चिखल आणि तेल मिसळलेले पाणी देवळांत व ग्रंथालयांत शिरले, चिमाबुए याचा प्राचीन क्रूस नासला. देशोदेशीची तरुण मुले आली आणि त्यांनी हातांनी चिखल उपसून पुस्तके वाचविली. पाणी कोठवर चढले होते त्याच्या खुणा भिंतींवर अद्याप आहेत. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचे पाणी ज्यांनी आपल्या उंबऱ्याच्या आत पाहिले, त्यांना त्या खुणांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

व्यवहाराची बाजूही याच निवडीला अनुकूल आहे. भंडाऱ्याहून नागपूर, नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, पुढे विमानाने युरोप. जाण्यायेण्यात दोन दिवस सहज मोडतात. उरतात पाच. त्या पाचांत पाच देश पाहणे म्हणजे गाडीच्या खिडकीतून पाट्या वाचणे होय. शेंगेन परवान्यावर २९ देशांत फिरता येते हे खरे. इंग्लंडसाठी मात्र वेगळा परवाना लागतो. पण शेंगेनचा अर्जदेखील ज्या देशात अधिक दिवस राहावयाचे त्याच देशाकडे करावा लागतो. मुख्य मुक्काम कोणता, हे नियमालाही कळावे लागते. मग ते आपल्याला का कळू नये? फ्लॉरेन्सचे जुने गाव पायी फिरता येते. एप्रिलात तेथे आपल्याकडील काहिली नसते. सोमवारी उफीत्सी आणि अकादेमिया ही दोन्ही मोठी संग्रहालये बंद असतात, तेवढे ध्यानात ठेवून मायकेलँजेलोच्या डेव्हिडसाठी दुसरा दिवस राखावा, आणि सोमवारची सकाळ काशिने उद्यानाला द्यावी. उद्यान तीन किलोमीटरहून लांब आहे. छत्री अगदी टोकाला असल्याने चालण्याची तयारी हवी.

रामटेकला किंवा पंढरपूरला जाणारा आपला मनुष्य, एका आठवड्यात किती क्षेत्रे उरकता येतील असा हिशेब करीत नाही. तो एक क्षेत्र धरतो, तेथे मुक्काम करतो, आणि घरी आल्यावर चार लोकांना काही सांगू शकतो. युरोपच्या बाबतीत तेवढेच करावयाचे आहे. देश मोजण्याऐवजी आपला धागा कोठे गुंतला आहे ते आधी शोधावे. कोणाचा तो लंडनच्या घरात सापडेल, कोणाचा मार्सेयच्या बंदरात, कोणाचा आर्नोच्या संगमावर. तो सापडला की तिकीट काढावे, आणि जाण्यापूर्वीच्या महिन्यात त्या एका गावाविषयी मिळेल ते वाचून काढावे. आपल्या जिल्ह्यातील वाचनालये त्याच कामासाठी आहेत.