पाच पौंडांची वीट आणि दीडशे पौंडांचा गवंडी

बांधकामाच्या साइटवर एआय, हा विषय सध्या आम्हा आयटीवाल्यांच्या मीटिंगांमध्ये जोरात आहे. इंजिनियरच्या हेल्मेटवर कॅमेरा, तो साइटवर चक्कर मारणार आणि सॉफ्टवेअर फोटो नकाशाशी ताडून सांगणार, भिंत ठरल्याप्रमाणे उठली की नाही. विकणारे हे अगदी नवं म्हणून सांगतात. पण कामगाराचं काम मोजायचा उद्योग इथे अमेरिकेत शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्यातलं एक मोठं नाव एका गवंड्याचं आहे.

फ्रँक गिलब्रेथ १८८५ साली, सतराव्या वर्षी, बॉस्टनमध्ये विटकाम शिकायला लागला. त्याच्या लक्षात आलं की कुठलेही दोन गवंडी एकसारखं काम करत नाहीत. गंमत म्हणजे एकच गवंडी शिकवताना एक पद्धत वापरतो, घाईत दुसरी आणि निवांत असताना तिसरी! गिलब्रेथने हालचाली मोजल्या. एका विटेमागे अठरा. त्यातलं वाकणं सगळ्यात महाग. पाच पौंडांच्या विटेसाठी दीडशे पौंडांचा माणूस दोन फूट खाली जातो नि वर येतो, दिवसाला हजारेक वेळा.

मग त्याने भिंतीबरोबर वर सरकणारी परांची केली. विटा आणि मसाला कमरेच्या उंचीवर आले. चांगली बाजू शोधायला गवंड्याने वीट हातात फिरवत बसू नये, म्हणून मदतनीस आधीच विटा निवडून चौकटीवर लावून ठेवी. मसाला इतका नेमका कालवलेला की हाताने दाबली की वीट बसते, थापीने ठोकायला नको. अठराच्या पाच हालचाली झाल्या. तासाला १२० विटांच्या जागी ३५०, असा आकडा फ्रेडरिक टेलरने १९११ च्या पुस्तकात दिला. यात गवंड्याला ‘हात चालव’ असं कुणी म्हटलं नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच वर्षी बॉस्टनजवळच्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात मात्र टेलरच्या पद्धतीने स्टॉपवॉच लावून काम मोजायला सुरुवात झाली, आणि ओतकाम करणारे कामगार संपावर गेले. प्रकरण थेट काँग्रेसच्या चौकशीपर्यंत पोचलं. कामगारांचा राग समजण्यासारखा होता. घड्याळ त्यांच्यावर रोखलेलं होतं, त्यांच्या भोवतालच्या गोंधळावर नव्हे.

पुढे गिलब्रेथने स्टॉपवॉच सोडून सिनेमाचा कॅमेरा धरला. बोटांना छोटे दिवे बांधून हालचालींच्या प्रकाशरेषा टिपल्या. मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेली त्याची पत्नी लिलियन हिने थकव्याचा अभ्यास केला आणि १९२४ साली तो गेल्यावर हे काम पुढे चालवलं. अकरा मुलं सांभाळून, हेही सांगायला हवं.

आजचा कॅमेरा विटा कुठे अडल्या तेही दाखवतो आणि कोण किती वेळ उभा होता तेही. मी पाहिलेल्या एका डेमोत एका माणसाभोवती लाल चौकट आली, ‘रिकामा’. तोच व्हिडिओ जरा मागे नेला, तर तो बिचारा क्रेन मोकळी व्हायची वाट बघत होता.