अवघड वाटेचे स्वनियम

जुन्नर तालुक्यातील हडसर किल्ल्यावर जाण्यास दोन वाटा आहेत. एक राजदरवाजाची, कातळात खोदलेल्या पायऱ्यांची. दुसरी कड्यात रोवलेल्या खुंट्यांची. पायऱ्या असताना खुंटीची वाट धरणारे गिर्यारोहक कमी नाहीत. आंबेगाव-खेडच्या सीमेवरील भीमाशंकरचेही तसेच. मंचर-घोडेगावमार्गे एस.टी. थेट वर जाते, तरीही कर्जतकडील खांडसहून निघणारे कित्येक जण सोपा गणेश घाट टाळून शिडी घाटच निवडतात.

साध्य सोपे झाले की साधन अवघड करून घ्यावयाचे, ही वृत्ती गिर्यारोहणात जुनी आहे. लिटो तेहादा-फ्लोरेस यांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात गिर्यारोहण म्हणजे अनेक खेळांचा समूह असल्याचे मांडले. जेथे निसर्गच कठोर तेथे नियम सैल, जेथे आव्हान छोटे तेथे नियम कडक, हे त्यातील सूत्र. म्हणूनच हिमालयातील मोहिमेत शिडी चालते, पण पुरुषभर उंचीच्या शिळेवर दोरही वर्ज्य ठरतो. ८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेसनर व पीटर हाबेलर यांनी कृत्रिम प्राणवायूविना एव्हरेस्ट गाठले, तो याच विचाराचा कळस होय. संगणकावर ‘फुटबॉल मॅनेजर’ खेळणारेही बाहेरचा खेळाडू विकत न घेता केवळ स्वतःच्या अकादमीतील मुलांवर संघ उभारण्याची अट स्वतःवर घालतात. ती अट पाळली की नाही, हे तपासणारा पंच कोठेच नसतो.

जुन्नर परिसरात हा प्रश्न सर्वाधिक टोकदार होतो तो जीवधन किल्ल्यालगतच्या वानरलिंगी सुळक्यावर. ‘खडा पारशी’ या नावानेही ओळखला जाणारा हा सुळका सुमारे ३५० फूट उंच आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट थराथरांचा. काही थर घट्ट, काही ठिसूळ. पाचर अडकवण्याजोग्या भरवशाच्या भेगा हव्या तेथे सापडतातच असे नाही. मग कातळाला भोक पाडून बोल्ट ठोकावा लागतो. पाचर काढून नेता येते, बोल्टचे भोक कायमचे राहते. शिवाय प्रत्येक बोल्टने मागून येणाऱ्यांची कसोटी तेवढी कमी होते. यावरचा स्वनियम म्हणजे मुक्त प्रस्तरारोहण: बोल्टला दोर अडकवावा, पण त्याला धरून अथवा त्यावर पाय देऊन वर सरकू नये. चढाई हातापायांची; दोर केवळ पडल्यास झेलण्यासाठी.

येथे एक गल्लत हमखास होते. त्याग करावयाचा तो मदतीचा, संरक्षणाचा नव्हे. हेल्मेट, दोर आणि खालून दोर सांभाळणारा जोडीदार या गोष्टी नियमाच्या नावाखाली सोडणे हा पुरुषार्थ नव्हे. कोकणकड्यावरच्या धुवाधार पावसात जुने बोल्ट गंजतात. त्यांची परीक्षा न करता त्यांवर भार टाकणे धोक्याचे. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर तर हे सारे नियम गुंडाळून ठेवून मागे फिरावे.

जीवधनच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंग लावून उडवल्या, त्या गड पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नये म्हणून. आज त्याच तुटक्या टप्प्याच्या ओढीने लोक तेथे जातात!

मोहिमांच्या वृत्तांतात ‘सुळका सर केला’ एवढेच वाक्य असते. कोणत्या पद्धतीने, किती बोल्ट नव्याने ठोकून आणि कितींवर भार देऊन, हेही त्यात नोंदले जावे. पुढच्या चमूला आपली अट त्यावरूनच ठरवावी लागते.