खडकीची समुद्रवाट
अटलांटिक बेटांवरून दक्षिणेंत आलेल्या तीन प्रवाशांची साक्ष

(१)

मलिक अंबरानें इ. स. १६१० त वसविलेली खडकी पुढें त्याच्या मुलाच्या, फत्तेखानाच्या, नांवावरून फत्तेनगर झाली. औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींत, १६५३ त, औरंगाबाद झाली. आणि २०२३ पासून त्याच शहराचें नांव छत्रपती संभाजीनगर असें आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या ह्या शहराच्या इतिहासास खलाशांच्या रोजनिश्यांचा काय उपयोग, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु ह्या शहराचा संस्थापक कोठें विकला गेला, किती किंमतीस विकला गेला आणि त्याचें मूळ नांव काय होतें, ह्याविषयींची एक महत्त्वाची समकालीन साक्ष फारसी तवारिखेंत नाहीं, मराठी बखरींतही नाहीं. ती एका डच व्यापाऱ्यानें राखलेल्या प्रवासवृत्तांत आहे.

परदेशी प्रवाशांचीं पुस्तकें वाचण्याची आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. प्रवासी गोव्यास, सुरतेस किंवा मच्छलीपट्टणास उतरला, कीं त्या पानापासून वाचावयाचें. त्यापूर्वींचीं पानें वादळें, उडते मासे आणि कुजकें पाणी ह्यांनीं भरलेलीं म्हणून उलटून टाकावयाचीं. साक्षीदाराची जबानी ध्यानांत घ्यावयाची आणि तो कोठून, कोणती वाट चालून आला हें मात्र विचारावयाचें नाहीं, असाच हा प्रकार होय. ह्या लेखांत आम्ही तीन साक्षीदार घेतले आहेत: ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स, डच व्यापारी पीटर व्हान् डेन ब्रूक आणि इंग्रज वैद्य जॉन फ्रायर. तिघांचाही संबंध मराठी मुलखाशीं आला. आणि तिघांनींही येथें येण्यापूर्वीं अटलांटिक महासागराचें पाणी पाहिलें होतें.

(२)

युरोपांतून हिंदुस्थानाकडे निघणाऱ्या जहाजांचा काळ वाऱ्यानें ठरवून दिलेला असे. पोर्तुगीज ताफा लिस्बनहून बहुधा मार्च-एप्रिलांत निघे; कारण आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून पुढें नैर्ऋत्येचा मोसमी वारा गांठावयाचा असे. डच ईस्ट इंडिया कंपनीनें पुढें वर्षांतून तीन वेळां ताफे सोडण्याचा क्रम ठेवला; त्यांतील एक ताफा डिसेंबर-जानेवारीच्या ऐन हिंवाळ्यांत निघे व त्यास नाताळचा ताफा म्हणत. हॉलंडांतील थंडींत नांगर उचललेलीं हीं जहाजें कांहीं आठवड्यांतच अशा हवेंत येत, कीं लोंकरीचे कपडे अंगावर ठेववत नसत. मदिरा, कानरी आणि केप वर्द हीं बेटें ह्या वाटेवरचे टप्पे होत. कानरी बेटांच्या आसपास ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे मिळत व तेच जहाजास दक्षिणेकडे नेत.

विषुववृत्तानजीक मात्र वारा पडे. तेथें पूर्वेकडे फार सरकलें तर गिनीच्या आखातांत अडकण्याचें भय, आणि पश्चिमेकडे फार गेलें तर ब्राझीलच्या किनाऱ्यास लागण्याचें भय. म्हणून डच कंपनीनें आपल्या नकाशांवर अटलांटिकांत दोन रेघा आंखून दिल्या होत्या व त्यांच्या मधूनच जहाज हांकावें असा हुकूम असे. ह्या पट्ट्यास डच खलाशी ‘गाडीवाट’ ह्या अर्थाचा शब्द वापरीत. आमच्या घाटांतील बैलगाड्यांच्या चाकोरीची आठवण करून देणारा हा शब्द भर समुद्रांत रूढ व्हावा, हें मौजेचें आहे.

(३)

फादर स्टीफन्स लिस्बनहून ४ एप्रिल १५७९ रोजीं पांच जहाजांच्या ताफ्यांतून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोंचले. म्हणजे २०३ दिवस त्यांनीं समुद्रावर काढले. पोहोंचल्यावर तीन आठवडेही लोटले नाहींत तोंच, १० नोव्हेंबरला, त्यांनीं इंग्लंडांतील आपल्या वडिलांस पत्र लिहिलें. हें पत्र पुढें हॅक्लुइटनें आपल्या प्रवाससंग्रहांत छापल्यामुळें सुरक्षित राहिलें आहे. ज्या हातानें पुढें सुमारें अकरा हजार ओंव्यांचें मराठी पुराण लिहिलें, त्याच हाताचें हें जहाजावरील जीवनाचें वर्णन असल्यामुळें मराठी वाचकांस त्याचें मोल विशेष आहे.

ताफा तुतारींच्या व तोफांच्या आवाजांत निघाला. १० एप्रिलला मदिरेजवळील पोर्तो सांतो बेट दृष्टीस पडलें. तेथें एका इंग्रज जहाजानें त्यांच्यावर गोळे टाकले. पोर्तुगिजांनीं आपल्या मोठ्या तोफा बाहेर काढतांच तें निघून गेलें. स्वतः इंग्रज असलेल्या स्टीफन्सांस आपल्या देशबांधवांचा हा उद्योग पाहून वाईट वाटलें. पुढें कानरी बेटें मागें टाकून गिनीच्या बाजूस आल्यावर वारा पडला. तेथील हवा दाट, ढगाळ व विजांची. पाऊस असा रोगट, कीं त्याचें पाणी थोडा वेळ सांठून राहिलें तरी त्यांत किडे होत आणि टांगलेल्या मांसावर तें पडलें तर मांसही किडे. हिरड्या सुजून कापून काढाव्या लागत, पाय सुजत, सर्वांग दुखे. दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व त्यांपैकीं सत्तावीस वारलीं. इतर सफरींच्या मानानें ही हानि थोडीच, असें जहाजावरील लोक समजत, हें स्टीफन्स नमूद करतात. त्याच जहाजावर पुष्कळ मुलें व कांहीं स्त्रियाही होत्या आणि पुरुषांपेक्षां मुलें समुद्र अधिक चांगला सोसतात, असें त्यांचें निरीक्षण आहे.

ह्याच पत्रांत त्यांनीं उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम प्रवासांतील भेद समजाविला आहे. सूर्य व तारे ह्यांवरून अक्षांश काढतां येतात. परंतु पूर्व-पश्चिम अंतर मोजण्यास आकाशांत स्थिर असा बिंदु नाहीं, म्हणून खलाशांस अनुमानावर व होकायंत्राच्या सुईच्या विचलनावर विसंबावें लागतें. अशी चौकस दृष्टि ज्याची, तो गृहस्थ पुढें मराठी भाषेचा अभ्यासही त्याच काटेकोरपणानें करतो, ह्यांत नवल नाहीं.

शिध्याचा हिशेब हवा असेल तर लिन्स्खोटेन ह्या डच गृहस्थाकडे वळावें. तो १५८३ त लिस्बनहून निघून गोव्याच्या आर्चबिशपाचा चिटणीस झाला व त्याचा ‘इटिनेरारिओ’ हा ग्रंथ १५९६ त छापला गेला. तो सांगतो कीं, प्रत्येक माणसास रोज पावणेदोन रत्तल बिस्किट, अर्धें माप दारू व एक माप पाणी मिळे. महिन्यास एक अरोबा, म्हणजे ३२ रत्तल, खारें मांस आणि कांहीं सुकी मासळी मिळे. कांदे व लसूण आरंभींच खाऊन संपत. पोर्तुगीज जहाजांवर हा शिधा बहुधा कच्चाच वांटीत व ज्यानें त्यानें सामाईक चुलीवर आपलें शिजवून घ्यावें अशी चाल होती. डच जहाजांवर सात-आठ माणसांची एक पंगत एकाच भांड्यांतून जेवी. वेळ अर्ध्या तासाच्या वाळूच्या घड्याळानें मोजीत. घड्याळ उलटलें कीं घंटा वाजे, आणि अशा आठ घंटांनीं एक पहारा पुरा होई. तुतकावर पत्ते व फासे चालत, पाद्री लोक त्यांस आळा घालण्याचा यत्न करीत, आणि सणाच्या दिवशीं प्रार्थना व मिरवणूक होई.

(४)

अशा स्थितींत बेट दिसणें म्हणजे जीव वांचणें होय. फ्रायर हा डिसेंबर १६७२ त थेम्स नदींतून निघाला. त्या वेळीं इंग्रज-डच युद्ध चालू असल्यामुळें जहाजें ताफा करून चालत होतीं. केप वर्द बेटांपैकीं सांतियागो येथें हा ताफा थांबला. फ्रायर १६७३ अखेर मुंबईस आला. १६७५ त मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून वैद्य म्हणून जुन्नरास गेला व त्यानें शिवनेरी गड पाहिला. शिवकालाच्या अभ्यासकांस त्याचें १६९८ त छापलेलें पुस्तक परिचित आहे. परंतु त्यांतील पहिलें पत्र ह्या हिंवाळी समुद्रप्रवासाचें आहे, ह्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं.

सांतियागो बेटावर ताजें पाणी, बकऱ्या, संत्रीं व लिंबें मिळत. शेजारच्या मायो बेटावर मीठ मिळे. हिरड्या सुजलेल्या खलाशास लिंबाची एक फोड म्हणजे औषधच. परंतु ह्या रमणीय बेटाची दुसरी बाजू आहे. पोर्तुगिजांनीं १४६२ च्या सुमारास सांतियागोवर वसविलेलें रिबेइरा ग्रांदे हें आफ्रिकन गुलामांच्या व्यापाराचें एक मोठें केंद्र होतें. समोरच्या किनाऱ्यावरून आणलेलीं माणसें तेथें उतरवीत व तेथून अटलांटिकापलीकडे पाठवीत. एकाच बंदरांत एका जहाजावरील माणसें बरीं होण्यासाठीं उतरत आणि दुसऱ्या जहाजावर माणसें विकण्यासाठीं चढवीत. पहिल्यांच्या रोजनिश्या आम्हांपुढें आहेत; दुसऱ्यांनीं रोजनिशी लिहिण्याचा प्रश्नच नव्हता.

(५)

आतां ब्रूकाकडे वळूं. त्याचा जन्म १५८५ त अँटवर्प येथें झाला. १६०५ त तो प्रथम केप वर्दच्या किनाऱ्याकडे व्यापारास गेला. नंतर १६०८ पासून लोआंगो-अंगोला भागांत त्यानें सफरी केल्या. कातडीं व हस्तिदंत हा त्याचा मुख्य माल. १६१३ त तो डच कंपनीच्या नोकरींत पूर्वेकडे निघाला, आणि तांबड्या समुद्रांतील मोखा बंदरही त्यानें १६१६ त स्वतः पाहिलें. १६१७ त गुजराथच्या किनाऱ्यावर त्याचीं दोन जहाजें वाळूंत रुतून निकामी झालीं. तेव्हां आपल्या माणसांसह सुरतेहून मच्छलीपट्टणापर्यंत खुष्कीनें जाण्याचें त्यानें ठरविलें, आणि ह्या वाटेवर मलिक अंबराच्या छावणींत त्याची व अंबराची भेट झाली.

अंबर हा उंच, धिप्पाड, करड्या मुद्रेचा व लोकांच्या आदरास पात्र झालेला हबशी होता, असें तो लिहितो. त्याचें मूळचें नांव चापू असून मोखा येथें तो ८० डच गिल्डरांस विकला गेला होता, अशीही नोंद तो करतो.

ह्या साक्षीचे दोन भाग स्वतंत्रपणें तोलले पाहिजेत. अंबराचें रूप व छावणीची शिस्त हें ब्रूकानें डोळ्यांनीं पाहिलेलें; मूळ नांव व विक्रीची किंमत हें कानांनीं ऐकलेलें. पहिला भाग प्रत्यक्ष साक्षीचा, दुसरा ऐकीव. परंतु ऐकीव म्हणून दुसरा भाग टाकून देतां येत नाहीं. मोखाचा बाजार पाहिलेला आणि आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर कित्येक वर्षें व्यापार केलेला माणूस जेव्हां एखाद्या बंदराचें नांव व एखादा आंकडा आपल्या वहींत उतरवितो, तेव्हां तो अशक्य आंकडा पारखल्याविना लिहील असें वाटत नाहीं. ह्या आंकड्याची विश्वसनीयता, म्हणजे, दक्षिणेंतील पानांवरून ठरत नाहीं. ती त्याच्या पूर्वायुष्याच्या पानांवरून ठरते.

आणि नेमकीं तींच पानें वेगळीं पडलीं आहेत. ब्रूकाच्या रोजनिशीचा आफ्रिकेसंबंधींचा भाग १९५० त हॉलंडांत वेगळा छापला गेला. आशियासंबंधींचा भाग १९६२-६३ त दुसऱ्या संपादकानें छापला. आफ्रिकेच्या भागाचें इंग्रजी भाषांतर २००० त हॅक्लुइट सोसायटीनें काढलें. तिन्ही कामें मोलाचीं आहेत. तथापि परिणाम असा झाला, कीं अटलांटिकाचा अभ्यासक एक भाग वाचतो व दक्षिणेचा अभ्यासक दुसरा. माणूस एक, वही एक, वाचक मात्र दोन गटांत विभागलेले.

(६)

मलिक अंबर हबसाणांतून मोखास, तेथून बगदादेस आणि मीर कासिमाबरोबर दक्षिणेंत आला. निजामशाहीचा पेशवा चिंगीझखान ह्यानें त्यास विकत घेतलें. त्यानेंही समुद्र ओलांडला होता. स्टीफन्सांनीं वडिलांस पत्र लिहिलें, फ्रायरनें पुस्तक छापलें, ब्रूकाचें चित्र तर फ्रान्स हाल्सनें १६३३ त काढलें व तें लंडनच्या केनवुड हाउसांत आजही पाहावयास मिळतें. अंबराच्या समुद्रप्रवासाची मात्र एका परक्याच्या वहींतील एक ओळ तेवढी उरली. त्या ओळींत त्याची किंमत आहे. त्याची योग्यता खडकीच्या नहरींत, भडकल दरवाज्यांत व खुलताबादच्या कबरींत पाहावी लागते. १६२६ त तो वारला, त्या वेळीं ८० गिल्डरांस विकल्या गेलेल्या ह्या माणसानें सुमारें पाव शतक मोगलांस दक्षिणेंत झुंजत ठेविलें होतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ त छापलें गेलें. तरी पुढील संपादकांस हस्तलिखित प्रतींच्याच आधारें त्याची संहिता सिद्ध करावी लागली. छापील पुस्तकाची ही गत, तर सुट्या कागदांची काय कथा! चौल, दाभोळ, राजपुरी ह्या बंदरांशीं संबंध असलेल्या घराण्यांतून जकातीचे तक्ते, गलबतांच्या मालाच्या याद्या, नाखुद्यांचीं पत्रें ह्यांसारखे कागद कोणाच्या संग्रहीं असतील, तर ते ‘किरकोळ हिशेब’ म्हणून बाजूस सारूं नयेत. सनद व महजर जितक्या काळजीनें राखतां, तितक्याच काळजीनें ते राखावे, त्यांची नक्कल करावी व ते मंडळाच्या दृष्टीस आणावे. परदेशी प्रवाशांचीं पुस्तकेंही पहिल्या पानापासून वाचावीं; कारण खडकीचा इतिहास खडकीच्या वेशीपाशीं सुरू होत नाहीं, तो मोखाच्या बाजारांत व त्यापलीकडे समुद्रावर सुरू होतो.