निगडी परिसरातील कळफलकाची स्थित्यंतरे

मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या जुन्या महामार्गावर देहूरोडची लष्करी हद्द ओलांडली की निगडी लागते. हवेली तालुक्यातील हे शेतीवाडीचे गाव उद्योगनगरीचे अंग कसे बनले, याचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आकुर्डीस बजाजचा आणि पिंपरीस टेल्कोचा विस्तीर्ण कारखाना उभा राहिला, १९७० साली नगरपालिका, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ साली महानगरपालिका अशा क्रमाने या भूभागाचे रूपांतर पूर्ण झाले. हा इतिहास खरा आहे. परंतु तो लेथ, प्रेस आणि भट्टी यांचा इतिहास आहे. ज्या कागदावाचून कारखान्याच्या फाटकातून एक खिळाही बाहेर जात नसे, तो गेटपास, ते चलन, तो इंडेंट, तो बढतीचा वा बडतर्फीचा हुकूम ज्या बोटांनी उमटवला, त्या बोटांची हकीकत मात्र कोणत्याही स्मरणिकेत सापडत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तीच हकीकत आहे, आणि आज एक संगणकप्रणाली सोडून दुसरी स्वीकारताना शॉर्टकट नव्याने शिकावे लागतात म्हणून त्रासलेल्या तरुण अभियंत्यालाही ती आपलीच वाटेल, अशी माझी खात्री आहे.

हाताला लागलेले वळण मोडून दुसरे लावण्याचा प्रसंग मराठी कारकुनावर यंत्रयुगाच्या आधीच एकदा येऊन गेला होता. पेशवाईच्या दफ्तरापासून तहसील कचेरीपर्यंत सारा व्यवहार मोडीत चाले. आधी पानभर आडवी रेघ ओढावी आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली मजकूर लिहीत जावा, ही त्या लेखनाची रीत. विसाव्या शतकात सरकारी व्यवहारातून मोडी हळूहळू बाजूला पडली आणि तिच्या जागी बाळबोध रूढ झाली, तेव्हा अक्षरओळख असलेल्या, किंबहुना अक्षरावरच पोट असलेल्या माणसांना अक्षर पुन्हा गिरवावे लागले. त्यांच्या बुद्धीत काही उणे नव्हते. हात तेवढा जुन्या अमलाखाली राहिला होता. पुढील प्रत्येक स्थित्यंतरात हीच अवस्था वेगवेगळ्या रूपांनी दिसते.

टंकलेखन यंत्र आपल्याकडे आले ते इंग्रजीचे बोट धरून. अमेरिकेतील ख्रिस्तोफर शोल्स याने रचलेला आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीच्या यंत्रांवर विकला गेलेला कळफलकच, अल्पस्वल्प फेरफारांनिशी, आजही जगभर चालू आहे. १९५५ साली गोदरेज अँड बॉइसने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र सिद्ध केले आणि १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीस राज्यकारभारात हक्काचे स्थान दिले, तेव्हा मराठी टंकलेखकाची मागणी कचेऱ्याकचेऱ्यांतून वाढू लागली. परंतु इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी घडवलेल्या सांगाड्यात देवनागरीची व्यंजने, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे बसवावयाची, तर अक्षरांचे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यामुळे कित्येक अक्षरे अर्धे रूप आणि काना अशा दोन ठोक्यांत पुरी होत. शिवाय यंत्र कागदावर डावीकडून उजवीकडे जे दिसावयाचे त्याच क्रमाने उमटवणार, म्हणून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी मारावी लागे. ‘निगडी’ हे गावाचे नाव लिहावयाचे तर पहिला ठोका वेलांटीचा, दुसरा ‘न’चा, उच्चारात जे मागून येते ते हाताने पुढे घ्यावयाचे. काही महिन्यांच्या तालमीने हे इतके अंगवळणी पडे, की तीस शब्दांची आणि पुढे चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा देणारा उमेदवार कळांकडे न पाहता, नजर मसुद्यावर ठेवून मजकूर उतरवीत असे. औद्योगिक पट्ट्यात या विद्येला आणखी एक पदर होता. कारखान्याचा पत्रव्यवहार बव्हंशी इंग्रजीत आणि पालिकेचा, प्राधिकरणाचा, तलाठ्याचा मराठीत. म्हणून येथील चांगल्या टंकलेखकाच्या बोटांत परस्परांशी सुतराम संबंध नसलेले दोन कळफलक एकाच वेळी नांदत. हे सामर्थ्य असामान्य होते, आणि पगारपत्रकात त्याची नोंद कधीच झाली नाही.

मग संगणक आला. प्रारंभी त्याच्या जोडीला माऊस नव्हता. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटत आणि जे काही करावयाचे ते कळांनीच करावे लागे. १९७८ साली मायक्रोप्रो कंपनीने बाजारात आणलेले वर्डस्टार हे त्या काळचे प्रमुख लेखनसाधन, आणि संगणकाच्या शिकवण्यांतून लोटस आणि डीबेस यांच्या जोडीने तेच शिकवले जाई. वर्डस्टारची रचना टंकलेखकाचा मान राखणारी होती, असे मला वाटते. हात नेहमीच्या बैठकीवरून न हलवता कंट्रोलची कळ दाबून ई, एस, डी, एक्स या चार कळांनी पडद्यावरील खूण वर, डावीकडे, उजवीकडे आणि खाली नेता येई. मजकुराच्या तुकड्याचा आरंभ दाखवण्यास कंट्रोल के आणि बी, शेवट दाखवण्यास कंट्रोल के आणि के, नक्कल करण्यास कंट्रोल के आणि सी असे क्रम असत, आणि ते पाठ झालेला माणूस विलक्षण वेगाने काम करी. पुढे विंडोजचा अंमल सुरू झाला तेव्हा हेच पाठांतर आडवे आले. जुन्या व्यवस्थेत कंट्रोल एस म्हणजे खूण एक अक्षर मागे नेणे, तर नव्या व्यवस्थेत मजकूर जतन करणे. जुन्या व्यवस्थेत कंट्रोल वाय म्हणजे आख्खी ओळ खोडणे, तर नव्या व्यवस्थेत रद्द केलेली कृती पुन्हा करणे. जो जितका निष्णात, तितकी त्याची अडचण अधिक. नवशिक्याला यातले काहीच विसरावयाचे नव्हते.

मराठीच्या दृष्टीने या काळातली सर्वांत महत्त्वाची घटना निगडीपासून फार दूर घडली नाही. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले, आणि कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जन्मलेले जिस्ट हे तंत्र तेथे वाढीस लागले. तत्पूर्वीच, १९८६ साली, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक प्रमाण ठरवला होता, आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने आयएस १३१९४ या मानकात त्यास स्थान दिले. हा कळफलक रचणारांनी रेमिंग्टनकडे पाठ फिरवून आपल्या वर्णमालेकडे पाहिले, आणि त्याचे फळ थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे. मधल्या ओळीवर प, क, त, च, ट ही कठोर व्यंजने आणि त्यांतील प्रत्येकाच्या थेट वरच्या कळेवर अनुक्रमे ब, ग, द, ज, ड ही मृदू व्यंजने. शिफ्ट दाबली की त्याच कळेतून महाप्राण निघतो, ‘क’चा ‘ख’ आणि ‘ग’चा ‘घ’ होतो. वेलांटी आणि उकार यांचेही तसेच : ऱ्हस्व मधल्या ओळीवर, दीर्घ तिच्या वर. आता ‘निगडी’ लिहून पाहा. व्हीवर ‘न’, एफवर ऱ्हस्व वेलांटी, आयवर ‘ग’, चौकोनी कंसाच्या पहिल्या कळेवर ‘ड’ आणि आरवर दीर्घ वेलांटी. पाच ठोके, आणि त्यांचा क्रम तोच जो जिभेचा. वेलांटी आता व्यंजनाच्या मागून येते, कारण ती कागदावर कोठे बसवावयाची हे यंत्र स्वतः पाहते. ब्राह्मीपासून निघालेल्या इतर भारतीय लिप्यांनाही हाच नकाशा लागू असल्यामुळे, गुजराती किंवा कन्नड वाचू जाणणाऱ्या मराठी माणसाच्या बोटांना त्या लिपीत निराळे धडे घ्यावे लागत नाहीत. नाना प्रांतांतून माणसे आलेल्या या उद्योगनगरीत ही सोय केवढी मोलाची होती!

पण सोय उपलब्ध असणे वेगळे आणि ती रुजणे वेगळे. छपाईच्या धंद्यात श्रीलिपीसारख्या खासगी प्रणालींचे राज्य झाले, आणि त्यांनी टंकलेखकाला त्याचा जुना यांत्रिक कळफलक जसाच्या तसा देऊ केला. यात त्यांची व्यवहारदृष्टी होती हे मान्य केले पाहिजे. हातातले कौशल्य एका रात्रीत निकामी न होता हजारो माणसांची उपजीविका टिकली, आणि लग्नपत्रिकेपासून दैनिकापर्यंत मराठी छपाईचे सारे काम त्याच बोटांनी पार पाडले. दोष होता तो दुसरीकडे. प्रत्येक प्रणालीचे अक्षरसंच निराळे, त्यांतील संकेत निराळे; एका दुकानातला मजकूर दुसऱ्या दुकानाच्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन पसारा दिसे, आणि सबंध मजकूर पुन्हा टंकित करण्याची पाळी येई. युनिकोडचा प्रसार झाल्यावर, विशेषतः विंडोज २००० मध्ये देवनागरीचा अंतर्भाव झाल्यावर, हा अनर्थ टळण्याचा मार्ग खुला झाला. गोदरेजने २००९ साली टंकलेखन यंत्रांचे उत्पादन थांबवले, आणि पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षाही पुढे संगणकावर होऊ लागली.

कट, कॉपी, पेस्ट यांच्या कळांची जन्मकथा या सर्वांहून संक्षिप्त आहे. लॅरी टेस्लर या संशोधकाने १९७० च्या दशकाच्या मध्यात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत सहकाऱ्यासह ही पद्धत घडवली. १९८३ साली ॲपलच्या लिसा संगणकात एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतील शेजारशेजारच्या कळा त्या कामी नेमल्या गेल्या, आणि पुढे विंडोजनेही त्याच उचलल्या. भेद राहिला तो जोडीच्या कळेचा. ॲपलने स्पेसबारला लागून असलेली, अंगठ्याने दाबावयाची कमांड कळ घेतली. विंडोजने कोपऱ्यातली, करंगळीने दाबावयाची कंट्रोल. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये तर कंट्रोल सी म्हणजे चालू असलेले काम तत्काळ थांबवण्याचा जुना युनिक्सकालीन हुकूम. तेथे नक्कल करावयाची तर शिफ्टचीही जोड द्यावी लागते. मॅकवर निवडलेल्या फाइलवर एंटर दाबले तर तिचे नाव बदलण्याची चौकट उघडते, विंडोजवर ती फाइलच उघडते. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने जी मोठी पिढी संगणकसाक्षर झाली ती विंडोजवरच घडली, आणि तिच्यापैकी कोणी तळवड्याच्या वा हिंजवडीच्या एखाद्या कचेरीत मॅकपुढे अथवा लिनक्सपुढे बसला की त्याची करंगळी सवयीने कोपऱ्याकडे वळते. त्यास मंद म्हणणारा वरिष्ठ अन्याय करतो. कारण ही चूक सरावाच्या पक्केपणातून होते, अज्ञानातून नव्हे.

शॉर्टकट ज्या त्या कंपनीचे असतात आणि कंपनीगणिक बदलतात. ते बदलले की पुन्हा शिकण्यावाचून तरणोपाय नाही, आणि पंधरा-वीस नित्याच्या कृती रोजच्या कामातूनच, एकेक करून, माऊसला हात न लावता गिरवणे हाच त्याचा राजमार्ग आहे. मराठी अक्षरांची गोष्ट तशी नाही. सार्वजनिक मानक म्हणून ठरलेला इन्स्क्रिप्ट विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींत अंगभूत आहे आणि त्यास कोणताही परवाना वा मोबदला लागत नाही. तो एकदा बोटांत उतरला की प्रणाली कितीही बदलल्या तरी ‘न’ आणि वेलांटी आपल्या जागा सोडत नाहीत. म्हणून टंकलेखनाच्या शिकवण्या चालवणाऱ्या संस्थाचालकांना माझी विनंती आहे, की नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून इन्स्क्रिप्टवर बसवावे. आणि जेथे प्रणाली बदलण्याचा निर्णय होईल त्या कचेरीच्या वरिष्ठांना, की कामाचा तगादा लावण्याआधी जुन्या कर्मचाऱ्यांना सरावासाठी कामाच्या वेळातलीच, पूर्ण वेतनाची मुदत द्यावी आणि तशी तरतूद लेखी आदेशात करावी.